गव्हर्नरबाई काही उठेनात

आमच्या महिला मंडळाला शंभर वर्षं झाली आणि चहाला गव्हर्नरबाई येणार असं पक्कं झालं, तेव्हापासून मी सगळ्या गावाला नुसतं उठवत होते आणि बसवत होते. खरंच सांगते. दर गुरुवारी संध्याकाळी माणसं हॉलमध्ये गोळा करायची, मी गव्हर्नरबाई होऊन दारातून आत यायचं आणि सगळ्यांनी ताडकन उभं राहायचं. म्हातारा अर्नी टक्सफर्ड दर वेळी सगळ्यांच्या शेवटी उठायचा.

"वेन्डा, खुद्द राजा आला तरी माझे गुडघे याच चालीनं उठणार," तो म्हणायचा.

"राजा इतक्या लांब येत नाही म्हणून तर त्याच्या वतीनं या बाई येतात. त्यांच्यापुढे उभं राहणं म्हणजे राजापुढे उभं राहणं. चल, ऊठ परत!"

नियम मला कॅप्टन लोव्हेटनं फोनवर सांगितले होते. हा गव्हर्नरबाईंचा एडीसी, म्हणजे कायम त्यांच्या दिमतीला असलेला लष्करी अधिकारी. आवाज असा गुळगुळीत की वाटावं सकाळी लोणी खाऊनच बोलायला बसतो. पहिल्यांदा बोलताना 'महामहीम' म्हणायचं, त्यानंतर 'बाईसाहेब' म्हटलं तरी चालतं. त्यांनी घास घेतल्याशिवाय कुणी बशीला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे त्या निघाल्याशिवाय हॉलमधून कुणीही निघायचं नाही. पाद्री नाही, महापौर नाही, मंत्री असला तरी नाही.

"आणि धारांची वेळ झाली तर?" बेरिल चगनं विचारलं. बेरिल आमची खजिनदार. तिच्या स्कोनची, त्या चहाबरोबरच्या छोट्या गोड पावांची, तारीफ करता करता गावाची दोन पिढ्यांची जीभ झिजली आहे, तेव्हा मी काही बोलत नाही. आमचं गाव म्हणजे दूधवाल्यांचं गाव. चार वाजले की टास्मानियातल्या या कोपऱ्यात लग्नसुद्धा मध्येच थांबतं.

"त्या तीनला जाणार. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय."

"आणि नाही गेल्या तर?"

"तर तुझ्या गाई थांबतील, बेरिल. राजापेक्षा मोठ्या आहेत का त्या?"

सगळे हसले. मला काय ठाऊक पुढे काय वाढून ठेवलंय!

पण खरं सांगायचं तर उठण्याबसण्याचा हा सगळा थाट एकीकडे, माझ्या पोटात दुसरंच होतं. पूल.

आमचं शेत नदीच्या पलीकडे. गावातून तिकडे जायला एकच लाकडी पूल. दोन वर्षांपूर्वी पूर आला, पुलाच्या खालच्या तुळया खिळखिळ्या झाल्या, आणि सरकारनं पाटी ठोकली: जड वाहनांना बंदी. संपलं. दुधाचा टँकर पलीकडे येईना. माझा मुलगा डॅरिल तेव्हापासून दूध लहान टाक्यांत भरायचा, एकेक टाकी ट्रॅक्टरला जोडून अलीकडे आणायचा, टँकरमध्ये ओतायचा, परत जायचा. सकाळ-संध्याकाळ, पावसात, गारठ्यात. पोरगा चाळिशीचा, पण दिसायला लागला माझ्या वयाचा. आणि आता निघाला हुकूम की हिवाळ्याच्या आत पूल कायमचाच बंद. डागडुजी परवडत नाही म्हणे.

डॅरिल भांडला नाही. त्याचा स्वभावच नाही. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "आई, मॅकीला सांगितलंय. सोमवारी येऊन गाई घेऊन जाईल." मॅकी म्हणजे गुरांचा दलाल. बस, एवढंच. त्याच्या आजोबांनी उभा केलेला कळप, आणि पोरगं असं बोललं की जणू जुनी खुर्ची काढायची आहे.

आणि गव्हर्नरबाई येणार होत्या त्याच सोमवारच्या आधीच्या शनिवारी. आता कळलं ना माझ्या जिवाची घालमेल का होत होती ते?

मी कॅप्टनला फोन लावला. "भाषणात बाईंनी आमच्या पुलाचं एक वाक्य टाकावं. मंत्री शेजारीच बसलेला असेल."

"मॅडम, सरकारच्या धोरणावर महामहीम जाहीरपणे काही बोलत नाहीत."

"मग त्या करतात तरी काय?"

"सरकारनं पाठवलेल्या कागदांवर सही करतात."

"डोळे मिटून?"

"नाही, मॅडम. त्या प्रश्न विचारतात, धीर देतात, कधी सावध करतात. पण ते सगळं बंद दाराआड. बाहेर एक शब्द नाही. नाहीतर लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला अर्थ काय उरला?"

मला पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त राग आला. डॅरिलला सांगितलं तर तो म्हणाला, "सोड गं आई. शोभेची बाई आहे ती. फुलदाणीकडे कुणी पूल मागतं का?"

शनिवारी दोनच्या ठोक्याला गाडी आली. नंबराच्या जागी नुसता मुकुट. आमच्या पोरांनी त्याचेच इतके फोटो काढले की आतल्या बाईंकडे बघायलाच विसरली. इसोबेल थॉर्न, पूर्वी न्यायाधीश होत्या. मला वाटलं होतं उंचनिंच बाई उतरेल, तर उतरली माझ्या खांद्याएवढी, निळ्या टोपीतली, चिमणीसारखी बाई. मागे कॅप्टन लोव्हेट, छातीवर सोनेरी दोऱ्या. त्याच्यामागे दुसऱ्या गाडीतून रस्तेमंत्री नेव्हिल क्रोकर. बाईंच्या अशा दौऱ्याला सरकारतर्फे कुणीतरी लागतं, आणि निवडणूक तोंडावर असल्यामुळे हा आनंदानं आला होता. हसणं लांबरुंद, नजर मात्र सारखी भिंतीवरच्या घड्याळावर. त्याचा घोडा त्या दुपारी लॉन्सेस्टनच्या शर्यतीत पळणार होता, हे त्याच्या ड्रायव्हरनं बेरिलला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं.

सगळे ताडकन उठले. अर्नीसुद्धा! पियानोवर राष्ट्रगीत झालं, बाईंनी भिंतीवरच्या पाटीवरचा पडदा ओढला, छोटंसं छान भाषण केलं. आमच्या आज्या-पणज्यांनी युद्धात विणलेल्या मोज्यांबद्दल बोलल्या, पुरात शिजवलेल्या सूपबद्दल बोलल्या. पुलाबद्दल अवाक्षर नाही.

मी चहा ओतायला गेले आणि मला काही धरवेना. कॅप्टनचं सांगणं गेलं चुलीत.

"महामहीम, एक सांगू? तो खिडकीतून दिसतो तो पूल. तो बंद झाला तर माझ्या मुलाच्या गाई सोमवारी विकल्या जाणार. हे बाजूला बसलेत तेच तो बंद करतायत."

कॅप्टनच्या हातातलं सँडविच तिथेच थांबलं. बाईंनी कप खाली ठेवला. माझ्याकडे नीट बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं.

"केरिसनबाई, तो मंत्र्यांचा विषय आहे," त्या म्हणाल्या. अगदी सरळ आवाजात. ना तिखट, ना गोड.

मी मंत्र्याकडे वळले. त्यानं घाईघाईनं माझा हात हातात घेतला. "मला तुमची तळमळ कळते हो! पण आता वेळ फार थोडा. माझ्या ऑफिसला लिहून पाठवा, आम्ही नक्की विचार करू."

लिहून! त्याच्या ऑफिसला आम्ही इतकं लिहिलं होतं की त्या कागदांचीच होडी केली असती तर नदी ओलांडता आली असती. मी किटली उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन दाणकन आपटली.

"काय झालं गं?" बेरिल म्हणाली.

"डॅरिल बरोबर बोलला. फुलदाणी आहे. आत पाणीसुद्धा नाही."

तीन वाजले. कॅप्टननं पुढे वाकून हळूच सांगितलं की गाडी तयार आहे. ते ऐकून अख्खा हॉल उठायच्या बेतात आला, मंत्र्यानं तर कोटाची बटणंसुद्धा लावली.

"एवढ्यात?" गव्हर्नरबाई म्हणाल्या. "त्या भिंतीवरच्या गोधड्या मी पाहिल्याच नाहीत. इथे आणून दाखवाल का कुणी? मी इथेच बसते."

बाया धावल्या. एकेक गोधडी बाईंच्या मांडीवर आली. कुणी शिवली, कुणासाठी शिवली, हा तुकडा कशाचा, तो कुणाच्या झग्याचा. बाईंना सगळं ऐकायचं होतं. शेवटची गोधडी झाली, कॅप्टन परत वाकला. बाई म्हणाल्या, "चहा उरलाय का?"

चहा आणला. मग स्कोन. मग लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेट केक. मला स्वयंपाकघरात कपाळ बडवायची वेळ आली. एक शब्द बोलायची नाही, आणि उठायचीही नाही! बाहेर हॉलमध्ये शेतकरी एकमेकांकडे बघायला लागले. चार वाजत आले होते.

मी किटली घेऊन हॉलमध्ये आले, तेवढ्यात मंत्र्याला राहवलं नाही. तो उठून बाईंपुढे वाकला. "बाईसाहेब, आपली परवानगी असेल तर मी जरा... महत्त्वाचं काम आहे."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "मी आनंदानं सोडलं असतं हो. पण राजाच्या प्रतिनिधीच्या आधी कुणी जायचं नाही, असा फार जुना रिवाज आहे. मी नाही केलेला. आणि केरिसनबाईंनी तो महिनाभर सगळ्या गावाकडून घोकून घेतलाय, असं कॅप्टन सांगत होते. त्यांच्या मेहनतीचा असा अपमान मला करवणार नाही. केरिसनबाई, तुम्ही काय म्हणता? मंत्र्यांना सूट द्यायची का?"

आणि माझ्याकडे बघितलं. चेहरा तसाच, न्यायाधीशाचा. पण डोळ्यांत असं काही मिश्कील चमकलं की माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! ही बाई बसलीय ती मला छळायला नाही. हिनं मंत्र्याला खुर्चीला खिळवलंय!

"सूट?" मी म्हणाले, आणि माझा आवाज पार मागच्या रांगेपर्यंत गेला. "नियम म्हणजे नियम! इथे अर्नीला सूट नाही, बेरिलच्या गाईंना सूट नाही. बसा, साहेब."

बातमीसाठी आलेली पेपरवाली पोरगी कॅमेरा घेऊन दारातच उभी होती. राजाच्या प्रतिनिधीकडे पाठ फिरवून पळणारा मंत्री, तोही निवडणुकीच्या तोंडावर, असा फोटो कुठल्या मंत्र्याला हवा असतो? क्रोकर बसला.

"तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, बरं दिसत नाही," बाई त्याला म्हणाल्या आणि परत गोधडीकडे वळल्या.

मी मागच्या दारापाशी गेले. डॅरिल भिंतीला टेकून उभा होता, हातात टोपी चुरगाळत.

"जा. बस तिथे."

"मी? आई, मला काय बोलायचं?"

"तू काही बोलू नकोस. पुलाखालून काय दिसतं ते सांग. बाकी त्याला विचारायला भरपूर वेळ आहे, तो कुठेही जाऊ शकत नाही." आणि पाठीत असा धक्का दिला की लहानपणी पोहायला ढकलला होता तसा गेला.

आता प्रश्न एवढाच होता की बाईंना बसवून कशावर ठेवायचं? नुसतंच कसं बसतील? मी स्वयंपाकघरात आले आणि बेरिलला कोपऱ्यात घेतलं.

"जे असेल ते बाहेर काढ. मंगळवारच्या मयताचा केकसुद्धा."

"अगं, तो हॅरल्डच्या मयतासाठी ठेवलाय—"

"हॅरल्ड समजून घेईल. त्याच्याही गाई होत्या."

बेरिलला कळलं, आणि ती बाई, जिनं माझ्याशी स्पंज केकवरून तीन वर्षं अबोला धरला होता, तिनं एप्रन घट्ट बांधला आणि म्हणाली, "आपल्या सगळ्यांच्या धारा खोळंबल्यात, वेन्डा. पण डॅरिलसाठी खोळंबू देत."

आणि मग जे सुरू झालं, ते या गावानं पुन्हा बघायचं नाही. बाई मंत्र्याला अडकवायलाच बसल्यात, ही गोष्ट कुजबुजत कुजबुजत रांगेरांगेतून गेली. मंडळाच्या गायनाच्या बायांनी एक गाणं म्हटलं. बाई म्हणाल्या, "याला दुसरं कडवं असेल ना?" दुसरं झालं, तिसरं झालं, ज्या कडव्याचे शब्द कुणालाच येत नव्हते ते 'ला ला' करून झालं. पाद्र्यानं चर्चच्या छपराचा इतिहास सांगितला, पत्रा पत्रा. अर्नीनं अकॉर्डियन काढलं. अर्नीला दोनच चाली येतात, आणि दुसरी पहिलीसारखीच आहे, पण गव्हर्नरबाईंनी टाळ्या वाजवून परत वाजवायला लावलं. कॅप्टन लोव्हेटनं घड्याळाकडे बघणं कधीच सोडलं होतं. तो आता आठव्या की नवव्या लॅमिंग्टनवर होता आणि सोनेरी दोऱ्यांवर खोबरं सांडलं होतं.

आणि तिकडे कोपऱ्यात डॅरिल हळूहळू बोलायला लागला होता. मंत्री सुरुवातीला नुसता मान हलवायचा आणि चोरून फोन बघायचा. मग एकदा फोन बघून त्याचा चेहरा पडला, त्यानं फोन खिशात घातला आणि त्यानंतर तो खरंच ऐकायला लागला. ड्रायव्हरनं नंतर सांगितलं, घोडा शेवटून दुसरा आला होता.

साडेचारच्या सुमाराला बाहेरून हंबरणं ऐकू आलं. आधी एक, मग दहा, मग सगळं रान.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"गाई, बाईसाहेब," मी म्हणाले. "सड भरलेत. वेळेवर कुणी गेलं नाही की अशा ओरडतात."

"जवळच आहेत वाटतं."

जवळच होत्या! डॅरिलच्या कळपाची पुढारीण डचेस, तिला फाटकाची कडी नाकानं उचलता येते, हे आम्हाला ठाऊक होतं. पण आज तिनं सगळ्यांना पुलावरून इकडे आणलं होतं. एकामागून एक, ओळीनं, जशी लग्नाची वरात. हॉलच्या भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या, आणि डचेसनं उघड्या खिडकीतून मुंडकं थेट आत घातलं. मंत्र्याच्या खांद्यावर. आणि हंबरली.

मंत्री खुर्चीतून अर्धा फूट उडाला. सगळा हॉल हसला. गव्हर्नरबाईंनी मात्र टोपी नीट केली.

"आमची ओळख करून दिली नाही कुणी," त्या म्हणाल्या.

"ही डचेस, बाईसाहेब," डॅरिल म्हणाला. तो उठला होता. हसत नव्हता. त्यानं गाईच्या कपाळावर हात ठेवला, आणि माझा तो मुका पोरगा सगळ्यांसमोर बोलायला लागला.

"साहेब, या माझ्या. सोमवारपर्यंतच. मला तुमच्याकडून पैसे नकोत, मदत नको. मला त्या पुलावरून टँकर यायला हवा, बस. दोन वर्षं मी ट्रॅक्टरनं दूध ओढलं. मला वाटलं होतं जमेल. नाही जमत. माझ्या आजोबांनी या गाई ठेवल्या, बापानं ठेवल्या, आणि माझ्या हातून जाणार. का, तर तीन तुळया कुजल्यात. तीन!"

मंत्री खुर्चीत पुढे सरकून बसला.

"तीनच?" मंत्री म्हणाला. "मला तर सांगितलं होतं, अख्खा पूल गेलाय."

"खाली उतरून कुणी बघितलंय का? मी रोज बघतो. तीन तुळया आणि एका खांबाचं बूड. बाकी पूल तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे."

क्रोकरनं डॅरिलकडे बघितलं. मग खिडकीतल्या डचेसकडे. मग सगळ्या त्या तोंडांकडे, ज्यांच्या गाई गावभर ओरडत होत्या आणि ज्यांपैकी एकही जागचं हललं नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो, मी म्हणते. फक्त याआधी कुठल्याही खुर्चीत पुरेसा वेळ बसलेला नव्हता.

"तीनच तुळया असतील तर... हिवाळ्याच्या आत करून टाकू," तो पुटपुटला.

"माफ करा, मंत्रीमहोदय," गव्हर्नरबाई म्हणाल्या. "या गाईंच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. काय म्हणालात?"

त्यानं घसा साफ केला. उभा राहिला. "पूल बंद होणार नाही!" तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की पेपरवालीचा कॅमेरा लगेच वाजला. "हिवाळ्याच्या आत दुरुस्त होईल. मी शब्द देतो."

"छान. या विषयावर मला काही बोलता येत नाही, तुम्ही जाणताच," बाई म्हणाल्या. "पण बुधवारी तुम्ही कागद घेऊन माझ्याकडे सहीला येणारच आहात. मी आधी सगळ्यांची खुशाली विचारते, ती माझी सवय आहे. या बुधवारी डचेसची विचारीन. आणि त्याच्या पुढच्या बुधवारीसुद्धा."

आणि मग, अखेर, त्या उठल्या.

अख्खा हॉल ताडकन उठला. अर्नी सगळ्यांच्या आधी! टाळ्या कशाच्या होत्या ते मला सांगता येणार नाही, त्यांच्या होत्या, डॅरिलच्या होत्या, गाईंच्याही असतील.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. "बाईसाहेब, तुमचे उपकार—"

"माझे? मी काय केलं? चहा प्यायले." मग त्यांनी माझा दंड धरला आणि अगदी माझ्या कानाशी आल्या. "केरिसनबाई, पहिल्यांदा मला सांगा, संडास कुठे आहे? दुपारपासून मी हललेले नाही. एकदा उठले असते तर सगळे उठले असते, आणि तो गाडीत बसला असता."

मी त्यांना हॉलच्या मागे जवळजवळ पळवत नेलं. राजाच्या प्रतिनिधी माझ्यापुढे टोपी धरून पळत होत्या! बाहेर मी आणि कॅप्टन लोव्हेट पहारा देत उभे राहिलो.

"दोन वर्षं मी यांच्याकडे आहे, मॅडम," कॅप्टन खोबरं झटकत म्हणाला. "एकदाही कुठून एक मिनिट उशिरा निघालेल्या नाहीत." आणि लगेच म्हणाला, "हे मी बोललो नाही."

गाडी वळणाआड गेली मात्र, गाव असं सुटलं जसं शाळा सुटते. कुणी निरोप घेतला नाही, कुणी बशा उचलल्या नाहीत. ठेवणीतल्या कपड्यांत, टायांसकट, माणसं गोठ्यांकडे पळाली. बेरिल उंच टाचांचे बूट हातात घेऊन कुंपण ओलांडताना मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

मी आणि डॅरिलनं गाई परत पुलावरून नेल्या. ऊन उतरायला लागलं होतं. मी मागून हाकत होते, तो पुढे चालला होता, आणि चालता चालता त्यानं फोन लावला.

"मॅकी? डॅरिल. सोमवारी येऊ नकोस... नाही, किमतीचं नाही. नाहीच विकत." आणि ठेवला. बस, एवढंच. तोच स्वभाव. पण पुलाच्या मध्यावर तो थांबला, कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि वाकून खालच्या तुळया बघून घेतल्या. गाई आपल्या आपण पुढे गेल्या.

गोठ्यात यंत्रं लावली. इतक्या उशिरा, की गाईंना धीर नव्हता आणि आम्हाला हात कमी पडत होते. माझ्या चांगल्या झग्यावर शेण उडालं, मला काही वाटलं नाही. डॅरिल पलीकडच्या कुंपणाशी गेला. तिथे यंदाच्या कालवडी होत्या. त्यांना त्यानं या वर्षी नावंच दिली नव्हती. दुसऱ्याच्या गोठ्यात जाणाऱ्या जनावरांना आपण कशाला हाक मारायची, म्हणायचा. जन्मल्यापासून नुसतं 'ए' आणि 'हाड्'.

आता तो त्यांच्याकडे बघत उभा होता. एक तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, त्याची बाही चघळत होती.

"आई," तो म्हणाला, "हिचं नाव काय ठेवू या?"

मला इतकं रडू आलं की मी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं.

"आधी धारा काढ," शेवटी कशीबशी म्हणाले. "मग सगळ्यांचं एकदमच बारसं करू."